स्वयंपाक्याला कुणी विचारलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात भाचीने मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली. मुखपृष्ठावर टुमदार खेडं, खिडकीत मांजर, टेबलावर अर्धा कापलेला केक आणि केकजवळ रक्ताचा एकच थेंब. मी जरा बिचकलो. ती म्हणाली, "मामू, खून आहे, पण घाबरू नका. कोझी आहे."

कोझी म्हणजे उबदार. इंग्रजीत खुनाच्या गोष्टींची ही एक वेगळी पंगतच आहे. यात खून होतो, पण तो बहुधा पडद्याआड. रक्ताचे पाट नाहीत, शिवीगाळ नाही, रात्री झोप उडवणारं काही नाही. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. आणि खुनी शोधून काढणारा पोलीस नसतो. शेजारची म्हातारी, ग्रंथपाल, बेकरीवाली असं कुणीतरी हौशी माणूस असतं. भाचीच्या पुस्तकात तो होता एक निवृत्त शेफ. आयुष्यभर मोठ्या हॉटेलात राबून हा गृहस्थ खेड्यात येऊन राहतो. गावात एकाचा जेवताना मृत्यू होतो, पोलीस भलत्यालाच धरतात. आणि हा शेफ वासावरून, चवीवरून, भांड्यांच्या मांडणीवरून खरा गुन्हेगार हुडकतो.

मी बाबूराव अर्नाळकर वाचून मोठा झालेला माणूस. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही आमची दैवतं. त्यांच्या हातात पिस्तूल शोभायचं. झारा हातात घेतलेला डिटेक्टिव्ह मला नवा होता. पण पुस्तक एका रात्रीत संपवलं, आणि मिटलं तेव्हा मला माझे नाना आठवले.

नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. ते भटारी होते, म्हणजे लग्नाकार्यात देगा चढवणारे स्वयंपाकी. आमच्या तालुक्यात त्यांच्या दालच्याचं नाव होतं. मी दहाएक वर्षांचा असेन, १९८०च्या आसपासची गोष्ट. एका लग्नात शेवटच्या पंगतीतली पंधरा-वीस माणसं हात धुऊन उठली आणि अर्ध्या-पाऊण तासात ओकू लागली. मांडवात एकच गलका झाला. नानांना चुलीवरून ओढत पुढे आणलं. जो तो विचारत होता, "काय घातलंस?" काय झालं असेल, असं एकानेही विचारलं नाही. संध्याकाळभर त्यांना चौकीत बसवून ठेवलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे हिंडू-फिरू लागले. पण नानांवरचा डाग काही दुसऱ्या दिवशी गेला नाही.

त्या गोष्टीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी नानांच्या जातकुळीतल्या एका मुलीची हकीकत सांगतो. ती कादंबरीतली नाही, खरी आहे.

साल १८१५. लंडनमध्ये चॅन्सरी लेन या रस्त्यावर टर्नर नावाचं कुटुंब राहत होतं. कायद्याच्या कागदपत्रांची लेखनसामग्री विकण्याचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे एलायझा फेनिंग नावाची एकवीस वर्षांची मुलगी स्वयंपाकाला होती. कामावर लागून तिला दोन महिनेही झाले नव्हते. २१ मार्चला तिने जेवणात डंपलिंग केले. डंपलिंग म्हणजे आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे. ते खाऊन धनी, त्याची बायको आणि त्याचे वडील पोट धरून बसले. एक शिकाऊ नोकर आजारी पडला. आणि ते खाऊन एलायझाही आजारी पडली.

एवढंच झालं. कुणी मेलं नाही. पण घरात उंदरांसाठी आणलेल्या सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची पुडी होती, ती नाहीशी झाली होती. ही पुडी कुठे ठेवलेली? कचेरीतल्या उघड्या खणात, रद्दी कागदांबरोबर. त्या खणातून घरातलं कुणीही काहीही घेऊ शकत होतं. एलायझा चूल पेटवायला कागद तिथूनच आणायची. झालं! काही आठवड्यांपूर्वी मालकिणीने तिला रागे भरलं होतं, त्याचा तिने सूड घेतला, असं ठरलं.

एप्रिलमध्ये ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. एका सर्जनने साक्ष दिली, की भांड्याच्या बुडाशी पांढरी भुकटी सापडली आणि डंपलिंग कापलेल्या सुऱ्या काळ्या पडल्या होत्या. हा सोमलाचाच गुण. आज आपल्याला माहीत आहे, की सोमलाने सुरी अशी काळी पडत नाही. पण त्या दिवशी कोर्टात हे सांगणारं कुणी नव्हतं. तिला वकील होता, पण गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने ज्यूरीपुढे भाषण करायला त्या काळी परवानगीच नव्हती. तो साक्षीदारांना प्रश्न विचारू शके, बस्स. बाकी आरोपीने स्वतःच बोलायचं. एकवीस वर्षांची स्वयंपाकीण, समोर इंग्लंडचा कायदा. ती म्हणत राहिली, मी निर्दोष आहे, मीही तेच खाल्लं. ज्यूरीने काही मिनिटांत तिला दोषी ठरवलं. विष घालण्याचा नुसता प्रयत्न केला तरी त्या काळी फाशी होती. २६ जुलै १८१५ला पांढऱ्या पोशाखात ती फासावर चढली. शेवटपर्यंत तिने गुन्हा कबूल केला नाही.

लंडनच्या लोकांना हे पटलं नाही. तिच्या अंत्ययात्रेला हजारोंनी माणसं लोटली. विल्यम होन नावाच्या प्रकाशकाने त्याच वर्षी या खटल्याची छाननी करणारं पुस्तक काढलं. कोर्टाने न तपासलेल्या गोष्टी त्यात तपासल्या होत्या. म्हणजे पोलीस नसलेल्या, कोर्टाशी संबंध नसलेल्या एका साध्या माणसाने स्वयंपाकिणीसाठी केलेला हा तपासच होता. फक्त तो झाला ती गेल्यावर.

पुढची गंमत बघा. १८३६ साली दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडच्या संसदेने आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे बोलायचा हक्क दिला. आणि त्याच वर्षी जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने सोमल ओळखायची खात्रीची चाचणी प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू पेटवायचा आणि त्या ज्योतीवर चिनी मातीची गार बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा, चकाकणारा डाग उमटतो. एक हक्क आणि एक बशी. एलायझाला दोन्ही मिळायला एकवीस वर्षं उशीर झाला.

सोमल हा स्वयंपाकघराचा खरा शत्रू. रंगाने पांढरा, पिठात आणि साखरेत बेमालूम मिसळणारा, चवीला जवळजवळ काहीच नाही, आणि दुकानात उंदरांसाठी म्हणून सर्रास मिळणारा. १८५१ साली इंग्लंडने कायदा केला, की विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो पिठासारखा दिसणार नाही. तरीही १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसच्या आसपास माणसं मेली, दोनशेहून अधिक आजारी पडली. मिठाईवाले साखर वाचवायला गोळ्यांत एक स्वस्त पांढरी पूड मिसळत. औषधवाल्याच्या नोकराने ती म्हणून चुकीच्या पिंपातला सोमल दिला. गोळ्या वळणाऱ्याच्या मनात काही पाप नव्हतं. त्याच्या हातात जे आलं, ते त्याने वळलं.

आता तुम्ही म्हणाल, स्वयंपाकी काय नेहमीच निर्दोष असतो? नाही. आणि इथे अमेरिकेतल्या मेरी मॅलनची आठवण काढावीच लागेल. १९०६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे इथे एका बँकरने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर नावाचा स्वच्छता अभियंता तपासाला आला. पाणी तपासलं, दूध तपासलं, शिंपले तपासले. काही हाती लागेना. मग त्याने विचारलं, इथे नवीन कोण आलं होतं? एक स्वयंपाकीण, आणि ती आता निघून गेली होती. पण शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात, मग स्वयंपाकिणीकडून रोग पसरेल कसा? सोपरला कळलं, की ती कापलेल्या पीचचं आइस्क्रीम फार छान करायची. ते शिजवायचं नसतं! पुढे तिने याआधी काम केलेली घरं त्याने शोधून काढली. बहुतेक घरांत ती आल्यावर टायफॉइड आला होता.

मेरीला स्वतःला काहीच होत नव्हतं. तपासणीसाठी सोपर तिच्याकडे गेला तेव्हा ती मांस कापायचा मोठा काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली. ठणठणीत बाईला कुणी येऊन सांगावं, की तुझ्या हातचं खाऊन माणसं आजारी पडतात, तर ती दुसरं काय करणार? तिला एका बेटावर वेगळं ठेवलं. तीन वर्षांनी सोडलं. पुन्हा स्वयंपाकाला लागली म्हणून १९१५मध्ये पुन्हा धरलं आणि १९३८मध्ये मरेपर्यंत तिथेच ठेवलं. सोपरचा तर्क अचूक होता. पण एका माणसाच्या हातचं काम काढून घेतलं तर तो माणूस जगणार कशावर, या प्रश्नाचं धड उत्तर कुणी शोधलं नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा चुलीकडे गेली.

हा झाला खऱ्या जगाचा हिशेब. कथा-कादंबऱ्यांत काय चाललं होतं?

दोन महायुद्धांमधला काळ हा इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानतात. मोठा बंगला, पाहुणे, जेवणाचं टेबल, एक प्रेत. या खेळाचे नियमही लोकांनी लिहिले. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाने १९२८ साली वीस नियम छापले. त्यातला एक असा, की नोकराला खुनी करू नये. तुम्हाला वाटेल, वा, काय माणुसकी! पण कारण वाचा. नोकर खुनी निघाला तर वाचकाला कोडं फार सोपं वाटतं, आणि खुनी कसा दखल घेण्याजोगा माणूस हवा! म्हणजे एलायझाला जगाने पुराव्याशिवाय गुन्हेगार ठरवलं होतं, आणि शंभर वर्षांनी तिच्या भावंडांना गुन्हेगार म्हणवून घेण्याइतकीही किंमत उरली नव्हती. ते ट्रे आणायचे, दार उघडायचे, प्रेत बघून किंचाळायचे आणि स्वयंपाकघरात परत जायचे.

नियम मोडणारेही होतेच. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या लोकप्रिय लेखिकेने १९३० साली 'द डोअर' लिहिली. 'खून बटलरनेच केला' या इंग्रजी थट्टेचा संबंध लोक त्या कादंबरीशी जोडतात. नियतीची चाल पाहा. १९४७ साली या बाईंवर त्यांच्याच घरात खरोखर हल्ला झाला. हल्ला करणारा त्यांच्याकडे पंचवीस वर्षं राबलेला स्वयंपाकी. घरात त्याच्यावर नवा बटलर आणून बसवला होता. पिस्तूल चाललं नाही, तेव्हा तो सुऱ्या घेऊन धावला. घरच्या माणसांनी त्याला आवरलं, बाई वाचल्या. त्याने मात्र कोठडीत आत्महत्या केली. पंचवीस वर्षं त्या घराला जेवू घालणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईंनाही कळलं नव्हतं.

मग स्वयंपाकघराला तोंड फुटलं कधी? माझ्या मते १९२७च्या डिसेंबरात. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल त्या महिन्यात पहिल्यांदा छापून आली, 'द ट्युसडे नाइट क्लब' या कथेत. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखोलीत काम केलं होतं, विषांची त्यांना जाण होती. या कथेत पाच शहाणे एका म्हातारीच्या दिवाणखान्यात जमतात. स्कॉटलंड यार्डचे माजी प्रमुख, वकील, पाद्री, लेखक, चित्रकार. एका बाईचा रात्रीच्या जेवणानंतर मृत्यू झालाय. टिपकागदावर उमटलेल्या अक्षरांत 'शंभर आणि हजार' असे शब्द सापडलेत. शहाणी मंडळी म्हणतात, ही पैशांची भानगड. कोपऱ्यात विणत बसलेली मिस मार्पल म्हणते, छे, ते पुडिंगवर भुरभुरायचे रंगीत साखरेचे दाणे! आपल्याकडे बडीशेपेच्या रंगीत गोळ्या असतात ना, तसल्या दाण्यांना इंग्रजी घरांत 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स' म्हणतात. पुढचं उत्तर सांगून गंमत घालवत नाही. पण जे कमिशनरला कळलं नाही ते स्वयंपाकघर माहीत असलेल्या बाईला कळलं, यावर ती कथा उभी आहे.

पुढे १९५७च्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'मध्ये ख्रिस्तीबाईंनी आणखी एक पाऊल टाकलं. लूसी आयल्सबॅरो ही ऑक्सफर्डची गणितात पहिल्या वर्गाची पदवी घेतलेली मुलगी. पण चांगली घरकामाची माणसं मिळत नाहीत हे पाहून ती तोच व्यवसाय निवडते आणि भरपूर कमावते. मिस मार्पल तिला एका बंगल्यात स्वयंपाक-घरकामाला पाठवते आणि ती तिथे प्रेत शोधून काढते. स्वयंपाकीण आता नुसती साक्षीदार राहिली नव्हती. ती तपासावर होती.

मला मात्र सर्वांत भावलेली कादंबरी या दोन्हींच्या मधली आहे. रेक्स स्टाउट या अमेरिकी लेखकाची, १९३८ सालची 'टू मेनी कुक्स'. योगायोगाने मेरी मॅलन वारली तेच वर्ष. स्टाउटचा गुप्तहेर नीरो वुल्फ हा अगडबंब, खवय्या, घराबाहेर पाऊल टाकायला कंटाळणारा. पण जगातल्या नामांकित शेफमंडळींचा मेळावा वेस्ट व्हर्जिनियात भरतो, त्यासाठी तो आगगाडीने जातो. तिथे एक पैज लागते. सॉसच्या नऊ बश्या, प्रत्येकीत एकेक जिन्नस घालायचा ठेवलेला. चाखून ओळखायचं, कशात काय नाही. पैज चालू असतानाच एका शेफला सुरी बसते. आणि चाखण्याची उत्तरं ज्याची फार चुकली, त्या दुसऱ्या शेफला पोलीस पकडतात. कारण मन ठिकाणावर असतं तर एवढा मोठा शेफ चुकला असता का? पुन्हा तेच. चव चुकली की स्वयंपाकी गुन्हेगार.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या हॉटेलाच्या मुदपाकखान्यात आणि वाढपात राबणारी माणसं होती काळी. ते वर्णभेदाचे दिवस. स्थानिक शेरीफ त्यांना दमदाटी करतो, त्यांच्याकडून काही निघत नाही. वुल्फ त्या सगळ्यांना रात्री आपल्या खोलीत बोलावतो, बसायला खुर्च्या देतो, प्यायला देतो, एकेकाला नावाने हाक मारतो आणि माणसाशी बोलावं तसं बोलतो. सकाळपर्यंत जे कळणार नव्हतं ते त्या बैठकीत कळू लागतं. एका तरुण वाढप्याने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने, काहीतरी पाहिलेलं असतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे १९६४ साली स्टाउटने याच माणसाला आणखी एका कादंबरीत मध्यमवयीन बाप म्हणून परत आणलं. मी ती पानं दोनदा वाचली. या प्रसंगात गुप्तहेराचं भिंग नाही, रसायन नाही. फक्त खुर्ची आहे आणि प्रश्न आहे.

त्यानंतरची वाट सरळ आहे. १९८२ साली व्हर्जिनिया रिच यांची 'द कुकिंग स्कूल मर्डर्स' आली. साठीच्या घरातली, रांधण्यात मुरलेली विधवा युजिनिया पॉटर तिची नायिका. अमेरिकेतल्या आजच्या स्वयंपाकी रहस्यकथांची ही आई म्हणायला हरकत नाही. १९९०पासून डायान मॉट डेव्हिडसन यांची जेवणाची कंत्राटं घेणारी गोल्डी आली. कथेबरोबर पाककृतीही छापायच्या, ही प्रथा रुजली. २००० साली जोआन फ्लूक यांची बेकरीवाली हॅना आली. इंग्लंडात १९९२ साली एम. सी. बीटन यांच्या ॲगाथा रेझिनने खेड्यातल्या पाककृती-स्पर्धेत दुकानातून विकत आणलेला किश, म्हणजे अंड्याचा खारा पाय, स्वतःचा म्हणून ठेवला. तो खाऊन परीक्षकच मेला. आता स्वतःला सोडवायचं तर कबूल करावं लागणार, की मला स्वयंपाक येत नाही! बीबीसीवर १९९४ ते १९९७ 'पाय इन द स्काय' ही मालिका चालली. तिच्यातल्या पोलीस अधिकाऱ्याला नोकरी सोडून फक्त आपलं हॉटेल चालवायचं असतं, आणि वरिष्ठ काही त्याला सोडत नाहीत.

हा सगळा पसारा बघून समीक्षक नाकं मुरडतात. म्हणतात, मरणाची गोळी साखरेत घोळून विकताय. त्यात तथ्य आहे. कोझी कादंबरीत निर्दोष माणूस शेवटच्या पानापर्यंत सुटतोच सुटतो. एलायझा सुटली नव्हती. ही पुस्तकं वाचताना ती आठवली की चहा थोडा कडू लागतो. पण मला त्यांत एक न्यायही दिसतो. शेफ निवृत्त का लागतो? कामावरच्या स्वयंपाक्याला बोलायची सोय नसते. मालक असतो, गिऱ्हाईक असतं, उद्याची ऑर्डर असते. निवृत्त माणसाला गमवायला काही उरलेलं नसतं. आयुष्यभर साठवलेलं नाक आणि जीभ तेवढी शिल्लक असते. दूध नासलंय की नासवलंय, हे त्याला कळतं. सुरी जागची हलली, हे कळतं. आणि कुणी जेवण टाकलं तर का टाकलं, हेही कळतं. जगाने ज्याला पहिला संशयित मानलं, त्याच्याच हाती या लेखकांनी तपास दिला.

जपानी लेखक हिसाशी काशिवाई यांनी तर खूनच काढून टाकला. २०१३ साली सुरू झालेल्या आणि २०२३ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या कामोगावा मालिकेत क्योटो शहरात एक निवृत्त पोलीस आपल्या मुलीबरोबर छोटंसं खानावळवजा हॉटेल चालवतो. लोक त्याच्याकडे हरवलेली चव शोधायला येतात. मेलेल्या बायकोच्या हातचं सूप, लहानपणी एकदाच खाल्लेला पदार्थ. तो चौकशा करतो, गावं पालथी घालतो आणि तीच चव ताटात वाढतो.

ते वाचताना वाटलं, नानांचा दालचा आता कुणी शोधून देईल का? आणि वचन दिल्याप्रमाणे नानांच्या गोष्टीकडे येतो.

चौकीतून नाना रात्री घरी आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला म्हणाले, चल. मांडव अजून उतरला नव्हता. मागच्या बाजूला तीन देगा उपड्या पडल्या होत्या. दोन नानांच्या स्वतःच्या. तिसरी पाहुणे वाढले म्हणून ऐनवेळी भाड्याने आणलेली. नानांनी पहिल्या दोन बघितल्याच नाहीत. तिसरी उताणी केली, राखेने आणि चिंचेने घासली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून बुडावरून फिरवला. मग माझं डोकं धरून आत बघायला लावलं. बुडाशी तळहाताएवढ्या जागेची कल्हई उडाली होती. खालचं तांबं लालभडक दिसत होतं.

दालच्यात चिंच असते. दुपारी शिजवलेला दालचा त्या उघड्या तांब्यात संध्याकाळपर्यंत बसला आणि कळकला. पहिल्या पंगती नानांच्या देगांवर जेवल्या, कुणाला काही झालं नाही. शेवटची पंगत तिसऱ्या देगेवर जेवली. त्या पंगतीतही एका दात पडलेल्या आजोबांनी नुसता साखर-भात खाल्ला होता. ते खडखडीत होते. हे सगळं नानांनी संध्याकाळभर चौकीच्या बाकावर बसून मनात मांडून ठेवलं होतं. फक्त हात फिरवून बघायचं राहिलं होतं.

मी म्हणालो, "नाना, चला, सगळ्यांना सांगू." ती देग कोणी आणली होती, हे मलाही माहीत होतं. वधूच्या चुलत्याने, स्वस्तात मिळाली म्हणून. नाना तिथेच राखेत बसले. म्हणाले, मुलीचं लग्न आहे, भावाभावांत लागेल. आणि मग मला आजवर न विसरता आलेलं बोलले. "देग कोन बी लाया रेहने दे. हात फिराने का काम मेरा था." चढवण्याआधी देगेत हात फिरवून बघायचा, हा भटाऱ्याचा पहिला धडा. त्या दिवशी घाईत त्यांनी तो फिरवला नव्हता. दुपारी दालचा चाखला, चांगला होता. वाढायच्या आधी पुन्हा चाखायला हवा होता, ते थकून राहून गेलं.

तपास पुरा झाला होता, आणि तपास करणाऱ्याने गुन्हेगारांच्या यादीत स्वतःचं नाव वर लिहिलं होतं. त्या लग्नाचे पैसे त्यांना मिळाले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही काम घेतलं नाही. गावाने समजायचं ते समजून घेतलं.

आठ-नऊ वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. स्वयंपाकाला बाहेरगावचा भटारी बोलावला होता. नाना तेव्हा काठी टेकत चालायचे. पहाटे मला जाग आली तेव्हा अंगणात ते एकेका देगेजवळ वाकून उभे होते. बाही दंडापर्यंत सारलेली, हात आत. चार देगांपैकी एक त्यांनी परत पाठवायला लावली. नवा भटारी वैतागला, म्हणाला, चाचा, या देगेत काय वाईट आहे? नाना काही बोलले नाहीत. घागरीतलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतला आणि खाटेवर जाऊन बसले.